रडणाऱ्याला गप्प का करता?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत एक बातमी ठरल्यासारखी येते. घरात वडिलांचा मृतदेह आणि मुलगी परीक्षा केंद्रावर. मथळ्यात ‘जिद्दीला सलाम’, सोबत गणवेशातल्या मुलीचा फोटो आणि खाली कुणा पुढाऱ्याचं कौतुकाचं वाक्य. आपल्या दैनिकात येते, इतरांतही येते. ती मुलगी पेपर देऊन आली याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या सकाळी तिला जे झेपलं ते तिनं केलं. माझी तक्रार आपल्या सलामाबद्दल आहे. बाप गेल्यावर चार तासांत डोळे पुसून जी बाकावर जाऊन बसली ती शूर, असं आपण फोटोसकट छापतो. मग पलीकडच्या गल्लीत ज्या मुलाचा बाप गेला आणि जो अंथरुणातून उठूच शकला नाही, तो कोण ठरतो?

शिवाय आता त्या मुलीवर तशी सक्तीही राहिलेली नाही. कर्नाटकात २०२४ पासून एसएसएलसी म्हणजे दहावी आणि द्वितीय पीयूसी म्हणजे बारावी, यांच्या वर्षातून एकाहून जास्त परीक्षा होतात. पहिली चुकली तर पुढची देता येते, आणि ज्या परीक्षेत गुण जास्त ते धरले जातात. त्या सकाळी घरात जमलेल्या पंचवीस माणसांपैकी कुणी तिला जवळ घेऊन सांगितलं का, की बाळ, आज नाही गेलीस तरी चालतंय, बापाजवळ बस? बातमीत ते कधीच नसतं.

मी बेळगावच्या शहापुरात बरीच वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान चालवतो. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फलक, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं करतोच, पण माणूस गेला की घरच्यांना पहिल्याच दिवशी ज्या दोन-तीन ठिकाणी जावं लागतं त्यातलं एक म्हणजे आमचं दुकान. पेपरला निधन वार्ता द्यायची असते, रक्षाविसर्जनाची वेळ कळवायची असते, चौकात लावायला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक हवा असतो. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन विवाहित मुली, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. समोर बसलेल्याची बोटं मात्र फोनमधला फोटो शोधताना थरथरत असतात. आणि त्याच्या शेजारी हमखास कुणीतरी मामा, चुलता किंवा गल्लीतला कार्यकर्ता उभा असतो, ज्याचं एकच काम चाललेलं असतं. ‘तूच असं केलंस तर आईनं कुणाकडं बघायचं?’ ‘बाप्यामाणसानं रडायचं नसतंय.’ ‘झालं ते झालं, आता पुढचं बघ.’ अजून तिरडीचे बांबू यायचे असतात आणि याला पुढचं बघायला सांगतात! ही माणसं वाईट नसतात. धावून येणारी तीच असतात, लाकडांपासून गाडीपर्यंत सगळं तीच बघतात. पण समोरच्याचं रडणं त्यांना बघवत नाही, म्हणून ते थांबवायची त्यांना घाई झालेली असते. त्या घाईचा भार शेवटी ज्याचं माणूस गेलंय त्यालाच उचलावा लागतो. रडू आवरून तो पाहुण्यांना बरं वाटेल असं वागू लागतो.

गेल्या पावसाळ्यात वडगावकडच्या एक बाई आल्या होत्या. नवरा मागावर कामाला, झटका येऊन गेलेला. बरोबर मुलगा आणि दीर. मी फोटोची मागची बाजू काढून टाकली, चेहरा थोडा उजळ केला आणि स्क्रीनवर मोठा केला. चेहरा समोर आल्याबरोबर बाई एकदम बोलल्या, ‘आता बघा कसं शांत बसल्यात. सोसायटीचं कर्ज काढलं, माझं सोनं ठेवलं, मला एक अक्षर सांगितलं न्हाई. आता मी कुणाला विचारू?’ दीर कासावीस झाला. ‘वैनी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू ने.’ बाईंनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघत बसल्या. मी दिराला आणि मुलाला कोपऱ्यावर चहा सांगायला पाठवलं आणि बाईंना म्हटलं, ‘वैनी, तुम्ही बोला. मशीनला अजून वेळ आहे.’ त्या बोलल्या. रागानं बोलल्या, नवऱ्याला अरे-तुरे करून बोलल्या, मध्येच त्याच्या आईलाही चार शब्द सुनावले. मी मान हलवण्यापलीकडं काही केलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांचा आवाज खाली आला आणि त्या म्हणाल्या, ‘ह्यो पांढऱ्या शर्टातला नको. पोराच्या फोनात लाल चौकड्याच्या शर्टातला हाय बघा, यात्रेतला. त्यो शर्ट लई आवडायचा त्यास्नी.’

त्या दिराच्या सांगण्याप्रमाणं बाई गप्पच राहिल्या असत्या तर पांढऱ्या शर्टातला फोटो चौकात लागला असता आणि तो राग घरी गेला असता. पुढं कुणावर निघाला असता कोण जाणे, बहुतेक त्या पोरावर. मेलेल्या माणसाचा राग येणं हे पाप आहे असं आपल्याकडं कुणी लिहून ठेवलेलं नाही, तरी प्रत्येक घरात ते पाळलं जातं. राग येणं वेगळं आणि हात उचलणं वेगळं, एवढा फरक धरला तर राग ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

जुन्या चालीरीतींचा मी आंधळा भक्त नाही. विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे तर बंदच व्हायला हवं. आपल्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये तसा ठराव केला, फार चांगलं केलं. पण त्याच चालीरीतींत एक शहाणपणही होतं. माणूस गेलेल्या घरात चूल पेटायची नाही, भाऊबंद आणि शेजारी भाकरी-आमटी आणून द्यायचे. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, गेलेल्याचं एकेक आठवून हेल काढून रडायच्या. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, पुढं दहावा, बारावा, मग वर्षभर घरात सण नाही. दुःखाला दिवस नेमून दिलेले होते आणि त्या दिवसांत ‘अजून किती?’ असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती. आता मी ज्या निधन वार्ता टाइप करतो त्यात ‘सर्व विधी तिसऱ्या दिवशीच’ हे वाक्य वाढत चाललंय. मुलगा बेंगळुरात नोकरीला, सून पुण्यात, रजा नाही. हे समजण्यासारखं आहे. विधी खुशाल कमी करा. पण मग ते जे रडायचं राहिलं ते कुठं जायचं, याचा विचार कुणीतरी करायला हवा ना?

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये तर तेवढंही मिळालं नाही. माझे वडील त्या मे महिन्यात गेले. चार माणसं, पीपीई किट, लांबून नमस्कार. माझी थोरली बहीण गडहिंग्लजला दिलेली. एरवी दीड-दोन तासांचा रस्ता. पण मध्ये राज्याची हद्द आणि त्या दिवसांत हद्दीवरच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट असल्याशिवाय महाराष्ट्रातली गाडी आत सोडत नव्हते. रिपोर्ट हातात यायच्या आत सगळं आटोपलं होतं. सीमाभागातल्या किती लेकींच्या वाट्याला हे आलं असेल! माहेर कर्नाटकात, सासर महाराष्ट्रात, आणि बाप जाताना मधोमध नाका. निर्बंध सैल झाल्यावर ती आली तेव्हा बारावा होऊन बरेच दिवस लोटले होते. उंबऱ्यातच बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. गल्लीतल्या एकदोघी धावत आल्या. त्यातली एक म्हणाली, ‘आता कशाला गं, किती दिवस झाले, आईला तरास हुतोय बघ.’ आमची आई, स्वतः विधवा होऊन महिना झालेली, आतून म्हणाली, ‘तिला आजच कळलंय. रडू दे तिला.’ बहीण संध्याकाळपर्यंत रडली, मग आईच्या हातचं पिठलं-भात पोटभर जेवली आणि वडिलांच्या खोड्यांवरून आम्ही सगळे हसलोसुद्धा. त्या महिनाभरात घरात कुणी हसलं नव्हतं.

एक गोष्ट मला नेहमी जाणवते, ती सीमाभागातल्या माणसांनाच कळेल. सार्वजनिक दुःख पाळायला आपण कधी लाजलो नाही. सीमालढ्यात १७ जानेवारी १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांना आपण अजून दर वर्षी अभिवादन करतो. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याच्या स्मारकापाशी जमतो. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. सीमाप्रश्नाबद्दल कुणाचं काहीही मत असो, माझे कन्नड भाषिक शेजारी त्या दिवशी कर्नाटक राज्योत्सव साजरा करतात आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच टपरीवर चहा पितो. पण त्या हुतात्म्यांच्या घरच्यांना जाऊन ‘एवढी वर्षं झाली, विसरा आता, आनंदी राहायला शिका’ असं आपल्यातला कुणी म्हणेल का? म्हणेल त्याची जीभ झडेल. मग ही समज घराच्या आत आल्यावर कुठं जाते? सहा महिन्यांपूर्वी मूल पोटातच गेलेल्या सुनेला ‘दुसरं होईल, त्याचं काय एवढं’ असं आपण कसं म्हणू शकतो?

आणि आमच्याकडचे पुरुष रडत नाहीत हेही काही खरं नाही. गावोगावी यात्रेला हौशी नाटकं होतात. माझे वडील तरुणपणी त्यात काम करायचे. बापलेकाची ताटातूट असली की मांडवातले भलेभले पैलवान पटक्याच्या शेवानं डोळे पुसायचे आणि प्रसंग संपल्यावर स्टेजवर येऊन बक्षीस द्यायचे. आपल्या रसशास्त्रानं माणसाच्या मनात कायम वस्तीला असलेले आठ भाव सांगितले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. यातले शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा आज आपल्या सकाळच्या व्हॉट्सॲप सुविचारांच्या हिशेबानं सरळ काढून टाकण्याच्या लायकीचे ठरतात. निम्मं मन! जुन्यांनी त्यांना स्थायी म्हटलं, आम्ही त्यांना घरातून हाकलायला निघालोय. मांडवात रडणारा तोच पैलवान स्वतःचा भाऊ गेल्यावर कोरड्या डोळ्यांनी फिरतो आणि रात्री दुकानातून दारूचं पाकीट आणून एकटाच पितो. गल्लीत ते सगळ्यांना दिसतं. पिण्याबद्दल लोक बोलतात, भावाबद्दल कुणी त्याला विचारत नाही.

मी डॉक्टर नाही, पण या विषयावरचं मिळेल ते वाचत आलोय. अमेरिकेत डॅनियल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. पुढं जेव्हा त्यांना ‘आता खुशाल विचार करा’ असं सांगितलं, तेव्हा ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या डोक्यात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. १९९३ मध्ये जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी लोकांना किळस येईल अशी चित्रफीत दाखवली आणि त्यातल्या काहींना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका म्हणून सांगितलं. त्यांचे चेहरे शांत राहिले, पण हाताचा घाम आणि बोटांतल्या रक्तवाहिन्यांच्या नोंदी आतला ताण वाढल्याचं दाखवत होत्या. आणि २०१८ मध्ये ब्रेट फोर्ड, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवरचा अभ्यास मांडला. आपल्या वाईट भावनांना नावं न ठेवता, त्यांना येऊ देणाऱ्या माणसांची मनःस्थिती पुढं जास्त चांगली आढळली. ज्यांना वाईट वाटतं आणि वर ‘मला असं वाटायलाच नको होतं’ म्हणूनही वाईट वाटतं, त्यांच्यावर दुप्पट ओझं पडतं. आमच्या आईनं यातलं काही वाचलेलं नाही. तरी उंबऱ्यातल्या लेकीला काय हवंय ते तिला नेमकं कळलं.

भीतीचंही तेच आहे. माझी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि पीयूसीला सायन्स घेतलं, म्हणजे एका जूनमध्ये सगळं इंग्रजीत. सीमाभागातल्या हजारो पोरांची ही गोष्ट आहे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, ‘बाबा, मला भीती वाटतेय, सरांचं काहीच कळत नाही.’ काका, मावशी, शेजारी सगळ्यांचं एकच: ‘घाबरायचं नाही, तू हुशार आहेस.’ ते ऐकून ती आणखी गप्प झाली, कारण आता तिला भीतीबरोबर हुशारकीचीही अब्रू सांभाळायची होती. तिच्या आजीनं मात्र तिला समोर बसवलं आणि विचारलं, ‘कशाकशाची भीती वाटते, एकेक सांग बघू.’ सर प्रश्न विचारतील ही भीती, उत्तर येत असूनही इंग्रजीत सांगता येणार नाही ही भीती, शहरातल्या मुली हसतील ही भीती. यातली मधली भीती हाताला येण्यासारखी होती. तिनं एक वही केली. त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, घर्षण म्हणजे फ्रिक्शन. डावीकडं मराठी, उजवीकडं इंग्रजी. भीती गेली का? नाही. पहिल्या चाचणीपर्यंत होतीच, पण काय करायला हवं ते त्या भीतीनंच दाखवलं. ‘घाबरायचं नाही’ म्हणून ती दाबली असती तर ती वही झाली नसती. आता त्या वहीच्या झेरॉक्स तिच्या मागच्या वर्षातल्या मुली माझ्याच दुकानात काढतात.

एक सांगायलाच हवं, नाहीतर माझ्या पत्राचा भलता अर्थ होईल. वाईट वाटू द्या म्हणजे माणसाला त्यात एकटं सोडा असं मी म्हणत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटत असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक गेली असेल, जगण्यात अर्थ नाही असं तोंडात येत असेल तर तो आजार असू शकतो, त्याला डॉक्टर आहेत, औषधं आहेत. मरणाची भाषा कुणी एकदा जरी बोललं तरी दोन आठवडे मोजत बसू नये. अडचण अशी की आमच्याकडं डॉक्टरचं नाव काढलं की लोक म्हणतात, ‘ह्येला धारवाडला न्यायला पाहिजे.’ पिढ्यान्‌पिढ्या ही थट्टा चालत आलीय. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था ब्रिटिश काळापासून माणसं बरी करतेय आणि तिचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. त्या थट्टेपायी कितीतरी घरं वेळेत डॉक्टरकडं जात नाहीत. ज्याला मुलाच्या मृत्यूवर चार दिवस रडायला बंदी होती, तो दोन वर्षांनी ‘मला झोप लागत नाही’ एवढं तरी कुणाला सांगणार?

म्हणून आपल्याकडं तीन मागण्या आहेत, संपादक महोदय. परीक्षेच्या दिवसांत अशी बातमी आली तर पुढच्या परीक्षेच्या सोयीची माहिती त्याच बातमीत, त्याच अक्षरात छापा, आणि सलाम तेवढा काढून टाका. रविवारच्या पुरवणीत आनंदी राहण्याचे उपाय येतात ते येऊ द्यात, पण कधीतरी वाचकांना त्यांच्या रागाबद्दल, भीतीबद्दल, न संपलेल्या दुःखाबद्दल लिहायलाही बोलवा. उपदेश न जोडता ते छापा. लिहिणारे पुष्कळ निघतील, मी रोज त्यांना माझ्या टेबलापलीकडं बघतो. आणि तिसरी मागणी निधन वार्तांच्या पानाबद्दल. त्या पानावर तळाला एक छोटी चौकट कायमची ठेवा. त्यात केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रंदिवस, फुकट, आणि तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. त्याखाली कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ मंगळवारी येतात, त्याचं वेळापत्रक द्या. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, प्रत्येक ठिकाणचं चौकशी करून, नक्की करून. चौकटीची मांडणी करून द्यायला मी तयार आहे, त्याचे पैसे घेणार नाही. फाइल कुठल्या मापात हवी तेवढं कळवा.

आपला,
एक डीटीपी व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)